वावराचा पहिला लेआउट: एक हेक्टर जमीन, झोन, तुकडा आणि पांधण

धुऱ्यावरून (धागा सुरू)

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात आम्हा तिघा भावांच्या सामाईक सातबाऱ्यावर 1 हेक्टर 00 आर जमीन आहे. भोगवटादार वर्ग-1, जिरायत, काळी माती. पश्चिमेला पांधण (शेतांमधून जाणारी गाडीवाट), तिकडून 80 मीटर रुंदी आणि आत पूर्वेकडे 125 मीटर लांबी. पूर्वेच्या धुऱ्याला लागून नाला आहे. गावठाण साधारण 350 मीटरवर. डांबरी रस्त्यापर्यंत पांधणीनं आणखी 200 मीटर जावं लागतं.

घरांसाठी 1500 चौरस फुटांचे प्लॉट पाडायचे आहेत. एका ओळखीच्या माणसानं नकाशा काढून दिला, त्यात 62 प्लॉट बसवले आहेत. काम कुठून सुरू करायचं, झोन म्हणजे नेमकं काय पाहायचं, एनए (शेतजमीन बिगरशेती करणं) आधी की लेआउट आधी, आणि 62 प्लॉट खरंच बसतात का, एवढं कृपया सांगा.

---

जुनी मिसल

भाऊ, तो 62 प्लॉटचा नकाशा सध्या बाजूला ठेवा. प्लॉट आखणं ही या कामाची पाचवी-सहावी पायरी आहे. आधी तीन प्रश्नांची उत्तरं मिळवायची, आणि ती तीन वेगळ्या कार्यालयांत मिळतात. बहुतेक फाईली रखडतात त्या हे तीन प्रश्न एकच समजल्यामुळे.

पहिला प्रश्न मालकीचा: जमीन कोणत्या हक्कानं तुमच्याकडे आहे? तो तलाठी-तहसील दप्तराचा. दुसरा वापराचा, म्हणजेच झोनचा: त्या जागेवर वस्तीला परवानगी मिळू शकते का? तो जिल्ह्याच्या नगर रचना कार्यालयाचा. तिसरा आकाराचा: जमीन किती लहान तुकड्यांत विकता येते? तो तुकडेबंदी कायद्याचा, आणि तिथे दुय्यम निबंधकही येतो. एकाचं 'हो' दुसऱ्याला लागू होत नाही. सातबारा स्वच्छ आहे म्हणून झोन बरोबर असेलच असं नाही. झोन रहिवासी आहे म्हणून एनए न करता दीड हजार फुटांची रजिस्ट्री होईल असंही नाही.

आता मालकीबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्या विदर्भात इथेच जास्त गुंता आहे. आजच्या सातबाऱ्यावर वर्ग-1 दिसतं तेवढ्यावर थांबू नका. 1954-55चं अधिकार अभिलेख काढा आणि तिथून आजपर्यंतचे सगळे फेरफार क्रमानं लावा. जुन्या नोंदीत 'भूमीस्वामी' (पूर्ण मालक) असेल तर ठीक. 'भूमीधारी' (मर्यादित हक्काचा धारक) असेल, किंवा सरकारी पट्टा, सीलिंग, भूदान यांपैकी काही दिसलं, तर ती जमीन वर्ग-2ची (परवानगीशिवाय विकता न येणारी) वर्ग-1 कोणत्या आदेशानं झाली तो आदेश हातात हवा. वर्धा हा भूदानाचा जिल्हा आहे, अशा जमिनी गावोगाव आहेत. भूदानाची जमीन मिळालेल्या माणसाला ती कसायला मिळालेली असते, विकायला नाही. संगणकीकरणात वर्गाचा रकाना चुकीचा भरला गेला तर मूळ अट काही मिटत नाही. दहा प्लॉट विकल्यावर ती वर आली की दहा कुटुंबं अडकतात.

'इतर हक्क' रकाना ओळीओळीनं वाचा. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, धरणाच्या लाभक्षेत्रातली हस्तांतरणबंदी, 'तुकडेबंदीविरुद्ध व्यवहार' असा शेरा. आई आणि बहिणी वारस असतील तर त्यांची नावं लागली आहेत का ते पाहा. हक्कसोड नोंदणीकृत हवं, साधं संमतीपत्र पुरत नाही. आदिवासी खातेदाराकडून कधीकाळी आलेली जमीन असेल तर महसूल संहितेची कलमं 36 आणि 36-अ पाहिल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका.

गावाचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज पण मागा. गुरांची वाट, पाण्यावर जायची वाट, सार्वजनिक वहिवाट त्यात लिहिलेली असते. ती तुमच्या गटातून जात असेल तर तिच्यावर प्लॉट पाडता येणार नाही.

---

सायंतारा

गावठाणापासून 200 मीटरच्या आत असेल तर एनए लागतच नाही ना आता? असा नियम ऐकला होता.

---

भाग नकाशा

सायंताराताई, अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यामुळे लोकांचं नुकसान होतं, म्हणून नीट लिहिते.

महसूल संहितेत कलम 42 पूर्वपरवानगीचं. पुढे त्यात 42-अ, 42-ब, 42-क, 42-ड अशी भर पडली. 42-ड सांगतं की गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरपर्यंतची जमीन रहिवासासाठी अकृषिक झाली असं मानायचं. यात दोन गोष्टी निसटतात.

एक, 200 मीटर मोजायचे ते गाव नकाशावरच्या गावठाण हद्दीपासून. गावातल्या शेवटच्या घरापासून नाही. वस्ती पसरत पसरत गावठाणाबाहेर कितीतरी आलेली असते, त्यामुळे माणसाला आपली जमीन आत वाटते आणि नकाशावर ती बाहेर निघते. गट अर्धा आत आणि अर्धा बाहेर असेल तर सवलत आतल्या भागालाच.

दोन, हे कलम फक्त महसुली रूपांतराचं आहे. विकास नियंत्रण नियम पाळण्याच्या अटीवरच ते आहे. म्हणजे लेआउटची मंजुरी, रस्त्यांची रुंदी, मोकळी जागा यातलं काहीही माफ नाही. गेल्या काही वर्षांत शासनानं एनएची प्रक्रिया बरीच सोपी केली, तरी लेआउट मंजुरी कधीच काढून टाकलेली नाही. 'एनए लागत नाही' याचा अर्थ लोक 'काहीच लागत नाही' असा घेतात आणि चुन्याच्या रेषा मारून प्लॉट विकतात.

धुऱ्यावरून भाऊंची जमीन 350 मीटरवर आहे, म्हणजे 42-डचा प्रश्नच येत नाही. त्यांनी नगर रचना कार्यालयातून झोन दाखला आणि त्यासोबत भाग नकाशा घ्यावा. नुसता दाखला घेऊ नका. त्यात 'गट क्रमांक अमुक, शेती विभाग' एवढंच असतं. गटातून प्रस्तावित रस्ता जातो का, नाल्याची पूररेषा कुठवर आहे, एखादं आरक्षण आहे का, हे भाग नकाशावर दिसतं. अर्जाला सातबारा, गाव नकाशाची प्रमाणित प्रत आणि मोजणी नकाशा जोडा.

दाखल्यावर 'रहिवासी' आलं तर सरळ लेआउटकडे जाता येतं. 'शेती विभाग' आलं तर त्या जागेवर साधा निवासी लेआउट मंजूर होत नाही. पण 2020च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, जिला सगळे युडीसीपीआर म्हणतात, गावठाणाभोवतीच्या ठरावीक पट्ट्यात अधिमूल्य भरून निवासी वापराची तरतूद आहे. हा पट्टा गावाच्या लोकसंख्येवर ठरतो आणि तो 42-डच्या 200 मीटरपेक्षा वेगळा आहे. 350 मीटरवरच्या जमिनीसाठी खरा रस्ता हाच असू शकतो, म्हणून दाखल्याच्या अर्जातच हा प्रश्न लेखी विचारा. तोंडी उत्तर फाईलला लागत नाही.

अधिमूल्य शीघ्रसिद्ध गणकातल्या (रेडी रेकनर) जमिनीच्या दरावर निघतं. ते धरल्याशिवाय प्लॉटचा भाव कुणालाही सांगू नका.

---

टेप आणि खुंटी

मी फक्त 62 प्लॉटच्या हिशेबावर बोलतो.

1 हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर, 1,07,639 चौरस फूट. याला 1500नं भागलं की 71 येतात. तुमच्या नकाशावाल्यानं त्यातून थोडा रस्ता वजा केलेला दिसतो, बाकी काही नाही.

आता नियमानं बसवू. 0.4 हेक्टर किंवा जास्त क्षेत्राच्या लेआउटमध्ये 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते, म्हणजे इथे 1000 चौ.मी. आतला रस्ता 150 मीटर लांबीपर्यंत 9 मीटर रुंद, 150 ते 300 मीटरला 12, त्यापुढे 15.

80 मीटरच्या रुंदीत दोन रस्ते आणि प्लॉटच्या चार ओळी: 15.5 + 9 + 15.5 + 15.5 + 9 + 15.5 = 80. बरोबर बसतं. दोन्ही रस्ते पांधणीपासून आत 125 मीटर: 2 × 125 × 9 = 2250. पूर्वेच्या टोकाला दोघांना जोडणारा 31 मीटरचा तुकडा: 279. रस्त्यात गेले 2529 चौ.मी., म्हणजे चौथ्या हिश्शाहून थोडं जास्त.

मोकळी जागा मधल्या दुहेरी ओळीत ठेवा, 31 × 32.5 = 1007.5 चौ.मी. चौकोनी, दोन्ही रस्त्यांना लागून. नाल्याकाठची वाकडी पट्टी मोकळी जागा म्हणून दाखवायचा मोह सगळ्यांना होतो. ती नामंजूर होऊन नकाशा परत येतो, आणि झालीच मंजूर तरी तिथे लेकरं खेळू शकत नाहीत.

प्लॉट 9 × 15.5 मीटर, म्हणजे 139.5 चौ.मी., 1501 चौ. फूट. उत्तर ओळीत 13, दक्षिण ओळीत 13, मधल्या दोन ओळींत 9 आणि 9. एकूण 44. ओळीच्या टोकांना 325 चौ.मी. उरतात, ते कोपऱ्याच्या प्लॉटना रुंदी द्यायला वापरा. कोपऱ्यावर दोन बाजूंनी जागा सोडावी लागते, तिथला 9 मीटरचा प्लॉट बांधकामाला अरुंद पडतो.

या 44मधून अजून वजा होईल: पांधण रुंद करायची तर समोरची पट्टी, नाल्यापासून सोडायचं अंतर, महावितरणच्या रोहित्राची (ट्रान्सफॉर्मर) जागा. सुविधा क्षेत्र लागतं का आणि किती, तेही क्षेत्रानुसार नगर रचनाकडून लेखी घ्या. प्रत्यक्षात 38 ते 40 धरून चला आणि खर्च त्यांच्यावर वाटा. 62वर वाटलेला भाव दर प्लॉटला तोट्यात जाईल.

---

भाग नकाशा

टेप आणि खुंटी दादा, आखणी छान आहे. एक शंका आधीच मिटवायला हवी. दोन्ही रस्ते टोकाला जोडले तर तो एकच वळसा मानला जाऊ शकतो. मध्यरेषेनं लांबी 120.5 + 40 + 120.5 = 281 मीटर होते, आणि मग 9 ऐवजी 12 मीटरची मागणी येऊ शकते. 281 × 3 म्हणजे 843 चौ.मी. जादा, सहा प्लॉट गेले. वास्तुविशारदानं रेखाचित्र पक्कं करण्याआधी कार्यालयात बसून ही लांबी कशी धरणार ते विचारावं. नकाशा दाखल झाल्यावर विचारलं की त्रुटीपत्र येतं, आणि एका त्रुटीत दोन-तीन महिने जातात.

---

टेप आणि खुंटी

बरोबर आहे ताई. 12 मीटर लागलेच तर चार ओळींची खोली 15.5 वरून 14 मीटर करायची: 4 × 14 + 24 = 80. मग 1500 चौ. फुटांसाठी रुंदी 10 मीटर लागते. प्लॉट कमी होतात, पण 10 × 14चा प्लॉट घर बांधायला 9 × 15.5 पेक्षा चांगला.

---

धुऱ्यावरून

खूप आभार. इथे एक मधला माणूस म्हणतो की एवढ्या भानगडीत पडू नका. 20-20 गुंठ्यांच्या रजिस्ट्र्या करा, एकेका रजिस्ट्रीत 14 जणांची नावं टाका, आपापसात प्लॉट वाटून घ्या. आमच्या धाकट्या भावाला हे पटतंय. आणि दुसरं, आधी तिघांत वाटणी करून घ्यावी का?

---

जुनी मिसल

धाकट्या भावाला हा प्रतिसाद वाचून दाखवा.

1947च्या तुकडेबंदी कायद्याखाली जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही ते) 20 गुंठे, बागायतीचं 10 गुंठे. 2023च्या अधिसूचनेनं हे बहुतेक जिल्ह्यांना लागू झालं, वर्धाही त्यात आहे. त्यामुळे 20 गुंठ्यांची रजिस्ट्री होते, 14 नावंही सातबाऱ्यावर लागतात. कागद खरा असतो, म्हणून माणूस फसतो.

त्या 14 जणांना मिळतं काय? 'अविभक्त हिस्सा'. सातबाऱ्यावर नाव आणि क्षेत्र, पण कोणता कोपरा कुणाचा ते कुठल्याही सरकारी नकाशावर नाही. आपापसातली वाटणी शंभराच्या स्टॅम्पवर. पोटहिस्सा मोजणी मागितली तर प्रमाणभूत क्षेत्राखालचा तुकडा म्हणून नाकारली जाते. बँक घरकर्ज देत नाही, कारण तारण ठेवायला चतुःसीमा असलेला मंजूर प्लॉटच नाही. बांधकाम परवानगी मिळत नाही. रस्ता कुणाच्याच नावाचा नसतो, मग कोपऱ्यावरचा माणूस कुंपण घालतो आणि आतल्या सातांची वाट बंद होते. चौदापैकी एक वारला की पाच वारस चढतात, आणि पुढच्या प्रत्येक कागदावर सगळ्यांच्या सह्या.

शिवाय जमीन अजून शेतीच आहे. विदर्भाला 1958चा वेगळा कूळ कायदा लागू आहे, त्याचं कलम 89 शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेऊ देत नाही. गावातला शिक्षक, कंपाउंडर, दुकानदार यांच्यापैकी कितींकडे शेतकरी दाखला आहे? प्लॉट घेणारे तर तेच असतात.

नियमितीकरणाच्या सवलती अधूनमधून निघतात हे खरं. पूर्वी बाजारमूल्याच्या 25 टक्के भरावे लागत, पुढे ते 5 टक्के झाले. पण सवलत मागच्या तारखेपर्यंतच्या व्यवहारांना असते. आज नवा बेकायदा व्यवहार करून उद्याच्या सवलतीवर विसंबणं म्हणजे दुसऱ्याची आयुष्यभराची बचत पणाला लावणं. मी हे कळकळीनं लिहितोय. मजुरी करून पैसे साठवणारी माणसं असे प्लॉट घेतात.

वाटणीबद्दल: करू नका. एक हेक्टरची तिघांत वाटणी केली तर प्रत्येकी 33 आर (आर म्हणजे साधारण एक गुंठा), म्हणजे तुकडा होत नाही, चालतं. पण मग तीन गट-पोटहिस्से, तीन मोजण्या, तीन फाईली, आणि मधल्या भावाच्या जमिनीला रस्ता दुसऱ्याच्या जमिनीतून. लेआउट मंजूर होईपर्यंत सातबारा सामाईकच ठेवा. तिघांपैकी एकाला नोंदणीकृत मुखत्यारपत्र द्या आणि कोणते प्लॉट कुणाच्या वाट्याला येतील ते अंतिम मंजुरीनंतर ठरवा. आत्ता ठरवलं आणि नकाशात बदल झाला तर भावाभावांत कटुता येते.

---

पळसवाडी

पांधण कोणकोणत्या गटांतून जाते ते पाहिलं का? पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत (नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली) झुडपी जंगलाचा मुद्दा आता फार गंभीर झाला आहे. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनी वनच आहेत असा निकाल दिला. हे क्षेत्र सुमारे 86,409 हेक्टर आहे. तुमचा गट खासगी असला तरी पोचरस्त्याचा तुकडा झुडपी जंगलाच्या गटातून जात असेल तर तो रुंद करायला केंद्राची वनमंजुरी लागते, ग्रामपंचायतीचा ठराव चालत नाही.

जमिनीवर बघून हे ओळखू येत नाही. दोन पळस आणि बाकी बोडकं माळरान असतं, आणि सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' लिहिलेलं असतं. पांधणीच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या गटांचे सातबारे काढा. सात-आठ निघतील. नागपूर-उमरेड, वणी, चंद्रपूर भागातल्या वाचकांनी कोळसाधारक क्षेत्र अधिनियमाची अधिसूचना आहे का तेही पाहावं. ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, मेळघाट यांच्या जवळ असाल तर पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची हद्द पाहावी.

---

मुरूम खडी

कागदाचं सगळे सांगतायत, मी मातीचं सांगतो.

काळ्या मातीवर थेट मुरूम टाकून रोलर फिरवला की उन्हाळ्यात रस्ता देखणा दिसतो. पहिल्या पावसात माती फुगते, वर सरकते, मुरमात मिसळते, आणि ऑगस्टपर्यंत ट्रॅक्टर रुततो. वरची किमान 30 सेंमी काळी माती काढा. तळाला चुरी किंवा जाड वाळूचा थर द्या, मग मुरूम 15-15 सेंमीच्या दोन थरांत, प्रत्येक थराला पाणी मारून वेगळं रोलिंग, त्यावर खडीकरण. रस्त्याचा माथा मध्ये उंच, दोन्ही कडांना उतार. काढलेली काळी माती फेकू नका, ती मोकळ्या जागेत झाडांना वापरा.

नाली आधी, रस्ता मागून. तुमचा उतार पूर्वेला नाल्याकडे असणार, म्हणजे पांधणीच्या पलीकडच्या वावरांचं पाणी तुमच्याच गटातून वाहतं. लेआउट झाल्यावर ते पाणी अडवता येत नाही, वाट द्यावीच लागते. दर 10 मीटरवर लेव्हल घेऊन समपातळी नकाशा करा. रस्ता ओलांडणाऱ्या पाईपला 600 मिमीपेक्षा बारीक व्यास वापरू नका, पऱ्हाटीनं आणि तुराट्यांनी तुंबतो.

शोषखड्डा काळ्या मातीत चालत नाही, पाणी मुरतच नाही. प्रत्येक घराचं सांडपाणी रस्त्यावर येतं ते यामुळे. खड्डा खालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम किती खोल आहे ते दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन आत्ताच पाहा. बोअर आणि शोषखड्ड्यात किमान 15 मीटर अंतर हवं. 9 मीटर रुंदीच्या प्लॉटमध्ये ते घरोघर साधत नाही. म्हणून बोअर मोकळ्या जागेत सामाईक ठेवा आणि नळ फिरवा.

आणि खुंट्या! एक फूट गाडलेला दगड काळ्या मातीत दोन पावसाळ्यांत कलतो, कारण माती फुगते-आकसते आणि भेगांतून दगड सैल होतो. सिमेंटचे खांब 75 सेंमी खोल, भोवती मुरूम ठासून. प्लॉटच्या चारही कोपऱ्यांना. चुन्याच्या रेषेवर कुणालाही प्लॉट दाखवू नका.

---

सायंतारा

रेरा (बांधकाम आणि प्लॉट प्रकल्पांच्या नोंदणीचा कायदा) लागतो का एवढ्या छोट्या लेआउटला? आणि इसार कधी घ्यायचा?

---

भाग नकाशा

सूट 500 चौ.मी.पर्यंतच्या जमिनीला किंवा आठपर्यंतच्या घटकांना. इथे 10,000 चौ.मी. आणि चाळीसेक प्लॉट, नियोजन क्षेत्रात असेल तर महारेरा नोंदणी हवीच. नोंदणीआधी जाहिरात नाही, फलक नाही, मोबाईलवर नकाशा फिरवणं नाही. दंड प्रकल्प खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत जातो. नोंदणीकृत करार न करता किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, आणि आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवून जमीन व विकासकामावरच खर्च करायचे.

इसार अंतिम मंजुरीआधी न घेणं उत्तम. तात्पुरत्या मंजुरीचा नकाशा दाखवून पैसे घेतले जातात, आणि अंतिम मंजुरीत प्लॉट क्रमांक बदलतात. घेणाऱ्याच्या पावतीवर 17 नंबर, मंजूर नकाशावर 17 म्हणजे रोहित्राची जागा.

---

धुऱ्यावरून

सगळं वहीत उतरवलं. क्रम असा समजलो: अधिकार अभिलेख ते आजचे फेरफार, वारस नोंदी, पांधणीच्या दोन्ही बाजूंचे सातबारे, मग हद्द कायम मोजणी आणि क-प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा). त्यानंतर झोन दाखला व भाग नकाशा, अधिमूल्याचं लेखी उत्तर, वास्तुविशारदाकडून लेआउट, तात्पुरती मंजुरी, अधिमूल्य आणि अकृषिक आकार भरणं, जागेवर आखणी. मग रस्ते-नाल्या, प्लॉटवार मोजणी, कमी-जास्त पत्रक (प्लॉट-रस्त्यांची क्षेत्रं दप्तरात नव्यानं नोंदवणारं), अंतिम मंजुरी, प्लॉटचे वेगळे सातबारे, रेरा, आणि शेवटी विक्री. बरोबर?

पांधण गाव नकाशावर दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेली आहे. जागेवर ती कुठे 3 मीटर, कुठे 4 मीटर उरली आहे.

---

जुनी मिसल

क्रम बरोबर. दोन सुधारणा. रेरा नोंदणी जाहिरातीच्या आणि पहिल्या इसाराच्या आधी, वेगळे सातबारे होईपर्यंत थांबायची गरज नाही. आणि मोजणीचा अर्ज आजच करा. ई-मोजणीत आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार आहेत, फी वेगळी, मुदत वेगळी. पेरणी झाल्यावर उभ्या पिकात मोजणी नीट होत नाही, लगतचे धारकही अडवतात. मृगाच्या आत उरकून घ्या. मोजणीच्या दिवशी चारही बाजूंच्या धारकांना नोटीस पोचली का ते आधी तपासा. एकाची राहिली तरी तो पुढे हरकत घेतो आणि मोजणी परत. पूर्वेला नाल्यानं पात्र बदललं असेल तर क-प्रतीत वहिवाटीची आणि अभिलेखाची अशा दोन रेषा येतील. लेआउट अभिलेखाच्या रेषेवर नाही, दोन्हींपैकी आतल्या रेषेवर बसवा.

पांधणीचं मात्र आता खरं काम आहे. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, 16½ ते 21 फूट, म्हणजे 5 ते 6.4 मीटर. जागेवर 3-4 उरली याचा अर्थ दोन्हीकडच्या धुऱ्यांनी ती खाल्ली आहे. तहसीलदारांकडे अर्ज करून मोजणीनं अतिक्रमण काढून घेता येतं, पण त्यानं मिळतील ते 5-6 मीटरच. लेआउटला पोचरस्ता 9 मीटर मागितला तर उरलेली रुंदी लगतच्या धारकांकडून यायला हवी.

---

टेप आणि खुंटी

तुमच्या 80 मीटरच्या समोर तुम्ही तुमच्या बाजूनं 2 मीटर सोडाल, 160 चौ.मी. जातील. पण डांबरी रस्त्यापर्यंतचे 200 मीटर दुसऱ्यांच्या धुऱ्यांवर आहेत. पांधण 5 मीटर धरली तर तिथे 4 मीटर हवेत, एकूण 800 चौ.मी., आठ गुंठ्यांच्या आतबाहेर. धारक किती?

---

धुऱ्यावरून

एका बाजूला तिघे, दुसऱ्या बाजूला दोघे. दोघे तयार होतील असं वाटतं.

---

जुनी मिसल

मग जास्त पट्टी त्या दोघांच्याच बाजूनं घेता येते का ते आधी पाहा, रस्ता दोन्हीकडून सारखाच रुंद व्हावा असं काही नाही. पैसे देऊन नोंदणीकृत दस्तानं रस्त्यासाठी क्षेत्र लिहून घ्या आणि त्यांच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'रस्ता' अशी नोंद करून घ्या. तुकडा पडतो म्हणून रजिस्ट्री अडू नये यासाठी ती पट्टी फक्त रस्त्याच्या वापरासाठी आहे हे दस्तात स्पष्ट हवं, दुय्यम निबंधकांना मसुदा आधी दाखवा. साध्या संमतीपत्रावर लेआउट बसवू नका. धारक वारला किंवा त्यानं वावर विकलं की नवा मालक ते मानत नाही.

झोन दाखला आणि ही पट्टी, दोन्हींचं उत्तर हातात येईपर्यंत वास्तुविशारदाला पैसे देऊ नका. उत्तरं आली की इथेच लिहा, टेप आणि खुंटी दादा नव्यानं आखणी करून देतील.

---

टेप आणि खुंटी

देतो. क-प्रतीचा फोटो टाकाल तेव्हा गट क्रमांक आणि नावं झाकून टाका, मापं मात्र स्वच्छ दिसू द्या. नाल्याकडची बाजू दर दहा मीटरला मोजून घ्या, ती कधीच सरळ नसते.